डबल अल्ट्रा ट्रायथलॉन भरवायचीये, तिसऱ्यांदा फिसकटलं. सोडून देऊ का?

दमलेलं_बदक

नमस्कार मंडळी, धागा लांबलाय, आधीच माफी मागतो.

मी काही प्रो वगैरे नाही, नोकरी सांभाळून पहाटे पळणारा साधा माणूस. फुल डिस्टन्स ट्रायथलॉन (३.८ किमी पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं) चार वेळा केली, त्यात एक डीएनएफ, म्हणजे अर्धवट सोडलेली. मग एकदा डबल केली, म्हणजे सगळं दुप्पट, ७.६, ३६० आणि ८४.४. त्या रेसच्या शेवटच्या चार-पाच लॅपला मी हसतोय की रडतोय हे बायकोलाही कळत नव्हतं, आणि तिथेच हा किडा डोक्यात शिरला की अशी एक रेस आपण भरवायची. छोटीच, पण नीट.

तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी तलाव ठरलेला, तोंडी होकार होता, ११ दिवस आधी नकार आला आणि तोंडी होकाराला काही किंमत नसते हे मी तेव्हा शिकलो. दुसऱ्या वर्षी तरण तलाव मिळाला, पण रात्रीच्या सायकलिंगला रस्ता कुणी देईना, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणणाऱ्यांचं चुकलं असंही वाटत नाही. तिसऱ्या वर्षी बाकी सगळं जुळलं, नावं आली ९, व्हॉलंटियर होते २२, आणि शेवटच्या आठवड्यात त्यातल्या १४ जणांनी एकेक करत 'जमणार नाही रे' कळवलं. मीच रद्द केली. सगळ्यांची फी परत केली, टीशर्ट छापून झाले होते ते अजून माळ्यावर पडून आहेत, घरात फरशी पुसायला वापरावेत असा प्रस्ताव आलाय.

आता सगळे म्हणतात की तू आपला स्वतःपुरता पळ ना, ही नसती उठाठेव कशाला. मला विचारायचंय ते असं की ९ जणांसाठी रेस भरवणं हाच मुळात वेडेपणा आहे का, माणसं शेवटपर्यंत टिकवायची कशी, आणि लॅप मोजायला चिप (अंगावर बांधायची, फेऱ्या आपोआप नोंदवणारी) घ्यावी की हातानेच मोजावं. ज्यांनी कधी आयोजन केलंय त्यांनी लिहा. 'स्वप्नांना मर्यादा नसते' टाइप प्रतिसाद नकोत, ते माझ्याकडे पुरेसे साठलेत.

काठावरचा

९ कमी वाटतात? १९७८ मध्ये हवाईला पहिली आयर्नमॅन (हीच आपली फुल डिस्टन्स) झाली तेव्हा सुरुवातीला १५ जण होते आणि संपवली १२ जणांनी. गॉर्डन हॉलर जिंकला, पावणेबारा तासांच्या वर जरासं. दुसरा आला त्या डनबारच्या क्रूकडचं (म्हणजे सोबतच्या मदतनिसांकडचं) पाणी संपलं म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली होती, म्हणजे नियोजनाची पातळी बघा. पुढे ती रेस केवढी मोठी झाली ते सगळ्यांना माहितीच आहे.

(बिअरचा सल्ला नाही, आधीच सांगतो.)

लॅपवाला

मी तीन अल्ट्रा रेसना मोजणीला होतो, त्यामुळे बाकीचं राहू दे, मोजणीवर लिहितो.

चिप घ्या, पण चिपच्या भरवशावर झोपू नका. सायकल आणि धावण्याला चिप ठीक चालते, तरी कागद हवाच, कारण रात्री कधीतरी मशीनची वायर कुणाच्या तरी पायात येते. ९ किमीचा लूप धरला तर ३६० चे ४० लॅप, आणि २.११ किमीचा धावण्याचा लूप धरला तर ८४.४ चे पण बरोब्बर ४०. असे लूप मिळाले तर बघाच, कारण पहाटे कुणाचंच डोकं भागाकाराला चालत नाही. 'चाळीसपैकी किती राहिले' एवढंच सांगता येतं.

खरी भांडणं पोहण्यात होतात. ७.६ किमी म्हणजे ५० मीटरच्या तलावात १५२ लांब्या. पोहणारा म्हणतो झालं, मोजणारा म्हणतो अजून दोन आहेत, आणि दोघंही शपथेवर सांगतात. आमच्याकडे एक गडी पाण्यात उभा राहून दहा मिनिटं वाद घालत होता, तेवढ्यात त्याच्या चार लांब्या झाल्या असत्या. त्यानंतर आम्ही नुसत्या रेघा मारणं बंद केलं. आता प्रत्येक १०० मीटरला घड्याळातली वेळ लिहायची, म्हणजे एका माणसाच्या ७६ ओळी. जो माणूस १०० मीटरला २:१० घेतोय त्याच्या कागदावर मध्येच ४:२० चं अंतर दिसलं की समजायचं, तो बुडला नव्हता, आपण डुलकी काढली होती. एका मोजणाऱ्याकडे जास्तीत जास्त तीन पोहणारे द्या, चौथा दिला की गेलंच. आणि पेन नको, पेन्सिल. ओल्या कागदावर पेन उमटत नाही, हे आम्ही रेस चालू असताना शिकलो.

आता तुमच्या १४ जणांचं. तुमच्या धाग्यात नाहीये पण हिशोब करून बघा. कोणत्याही क्षणी मोजणीला २, खाण्यापिण्याच्या टेबलाला २, सायकलच्या वळणावर २ आणि एक वैद्यकीय माणूस, म्हणजे ७. कट-ऑफ (रेस संपवायची शेवटची मुदत) ३६ तास धरला आणि चार-चार तासांच्या पाळ्या लावल्या तर ९ पाळ्या, ९ साती ६३. म्हणजे २२ जणांना प्रत्येकी जवळजवळ तीन पाळ्या, त्यातली एक नक्की मध्यरात्री. हे त्यांना शेवटच्या आठवड्यात तक्ता हातात पडल्यावर कळलं असणार, बरोबर ना? मग ते पळाले असं नका म्हणू, तक्त्याने पळवलं. हवाईच्या अल्ट्रामॅनमध्ये (ती पण लांब पल्ल्याची ट्रायथलॉनच) प्रत्येक स्पर्धकाला स्वतःचा क्रू आणावाच लागतो. तुम्ही पण प्रत्येकाला दोन माणसं सक्तीची करा, ९ जणांचे १८ होतात. फक्त मोजणीला बसवताना आपला माणूस आपण मोजायचा नाही, दुसऱ्याचा मोजायचा. नाहीतर चाळीसचे अडतीस व्हायला वेळ लागत नाही, आणि कुणी मुद्दाम करतं असंही नाही, प्रेमापोटी होतं.

सलाईन_नको

मी डॉक्टर आहे, दोन रेसच्या तंबूत रात्रभर बसलोय. लोक फक्त 'पाणी प्या, पाणी प्या' ओरडत असतात. एवढ्या लांबच्या रेसमध्ये पाणी कमी पडणं जितकं वाईट तितकंच जास्त होणंही, रक्तातलं सोडियम १३५ च्या खाली घसरतं, माणूस बरळायला लागतो, उलट्या होतात, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. आणि आजूबाजूचे त्याला आणखी पाणी पाजतात. सोपा उपाय म्हणजे वजनकाटा. सुरुवातीला वजन लिहून ठेवा, सायकलवरून उतरल्यावर परत करा. वजन घटलेलं असणं अपेक्षितच आहे. वाढलेलं दिसलं तर पाण्याची बाटली काढून घ्या आणि माणूस आमच्याकडे पाठवा.

दुसरं, झोप न मिळाल्यामुळे भास होतात. एकजण झाडाशी अगदी आदराने बोलत होता, 'तुम्ही पुढे व्हा, मी येतो' असं. हे झोपेमुळे की सोडियममुळे हे बाहेरून बघून मलाही ठरवता येत नाही, रक्त तपासावं लागतं. म्हणून नियमावलीत पहिल्या पानावर लिहा की डॉक्टरने थांब म्हटलं की थांबायचं, त्यावर अपील नाही, आयोजकाकडे पण नाही.

क्रूवाली_ताई

नवऱ्याच्या दोन डबलना क्रू होते. लॅपवाला भाऊंशी सहमत पण एक सांगू का, क्रूला रात्री झोपायला जागा द्या. गाडीची मागची सीट म्हणजे जागा नव्हे. पहिल्या रेसला मी २७ तास जागी होते आणि पहाटे याला सुक्या मोज्यांच्या ऐवजी ओलेच मोजे परत घातले, त्याला पण कळलं नाही, मला पण नाही. पायाची जी काही वाट लागली ती फोटोत पण नको वाटते. दुसऱ्या रेसला एक तंबू, दोन गाद्या आणि गरम पाणी एवढंच होतं आणि सगळं वेगळंच वाटलं. तुमच्या १४ जणांतले किमान पाच-सहा एवढ्यानेच थांबले असते.

खडूस_काका

मी जरा वाकडं विचारतो, राग मानू नका. त्या ९ नावांत तुमचं स्वतःचं होतं का?

दमलेलं_बदक

काका... होतं.

खडूस_काका

वाटलंच.

अहो १०० किलोमीटर सायकल मारलेल्या माणसाला 'वळणावरचा माणूस उठून गेलाय, काय करू' असा फोन आला तर तो काय करणार? स्पर्धक दमला की बसू शकतो. आयोजक बसला की रेस बसली. तुमची चिकाटी वगैरे मान्य, पण दोन घोड्यांवर बसायची चिकाटी कुणी मागितलेली नाही. एक वर्ष बूट कपाटात ठेवा.

आणि तो रात्रीचा रस्ता. अडून कशाला बसलात? हवाईची ती अल्ट्रामॅन १९८३ पासून तीन दिवसांत विभागलेली आहे, रोज १२ तासांची मर्यादा. डेका (दहापट, ३८ किमी पोहणं, १८०० सायकल, ४२२ धावणं) सलग पण होते आणि रोज एक फुल अशी दहा दिवस पण होते, दुसरी करणाऱ्याला कुणी हलकं समजत नाही. तुम्ही पण तोडा. पहिल्या दिवशी पोहणं आणि १८० सायकल, दुसऱ्या दिवशी उरलेली १८०, आणि संध्याकाळपासून धावणं. सायकल उजेडात संपते. रात्री फक्त पळायचं, ते पण दोन किलोमीटरच्या लूपवर, जिथे प्रत्येक माणूस दर वीस मिनिटांनी डोळ्यांसमोरून जातो. कोण पडला, कोण झाडाशी बोलतोय, लगेच कळतं.

दमलेलं_बदक

सगळ्यांचे आभार. काकांचा प्रतिसाद वाचून आधी डोकं फिरलं, मग चहा घेऊन परत वाचला.

'सलग'चा हट्ट का होता ते स्वतःलाच विचारलं. उत्तर एवढंच की मला जशी मिळाली तशीच पुढच्याला द्यायची होती, ती पहाटेची सायकल, दिव्याच्या उजेडात फक्त समोरची दोन मीटर पांढरी पट्टी दिसते ती. पण त्यासाठी कुणालातरी अंधाऱ्या वळणावर झेंडा घेऊन उभं करावं लागतं, आणि त्या माणसाचा विचार मी तीन वर्षांत एकदाही केला नव्हता हे खरंय. तक्ता पण, लॅपवाला भाऊ, अगदी शेवटच्याच आठवड्यात पाठवला होता. बरोब्बर ओळखलंत.

तर सायकल दोन दिवसांत, उजेडात. माझं नाव यादीतून काढलं. तरण तलावाला या वेळी लेखी पत्र मागितलंय, मिळेपर्यंत तारीख जाहीर करणार नाही. आणि त्याआधी एक रंगीत तालीम करतोय, फक्त रात्रीची, दहा ते सहा, चार पळणारे आणि मोजणीला सहा जण, २.११ चा लूप मी कालच मोजचाकाने मोजला, तीन वेळा मोजला आणि तीन वेगळे आकडे आले.

लॅपवाला

वळणाला आतल्या कडेपासून ३० सेंमी सोडून मोजा, तिन्ही वेळा तीच रेघ धरा, मग आकडे जुळतील. आधी खडूने आखून घ्या. तालमीची तारीख टाका, मी येतो, पहाटेची पाळी मला द्या.

क्रूवाली_ताई

मी पण. गादी असेल तर.

दमलेलं_बदक

गाद्या दोन आहेत ताई. आणि टीशर्ट पण आहेत, साइज फक्त एक्सएल उरलाय, वर्ष मागचं छापलंय.