मार्शलच्या शिरेत इथेनॉल: पहिल्याच अ‍ॅब्लेशनला द्यावं की राखून ठेवावं?

लयभान

पर्सिस्टंट एएफचा (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडून तशीच टिकून राहिलेली लय) पेशंट पहिल्यांदा अ‍ॅब्लेशनला (कॅथेटरने हृदयात व्रण करून चुकीचे विद्युतमार्ग तोडायला) येतो, तेव्हाच मार्शलच्या शिरेत इथेनॉल सोडावं. ती पायरी दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवू नये, असं माझं मत आहे. कारणं मांडतो, खोडून काढा.

जॉन मार्शल यांनी १८५० मध्ये वर्णन केलेली ही शीर म्हणजे गर्भावस्थेतल्या डाव्या सुपीरियर व्हेना कावाचा (शरीराच्या वरच्या भागातलं रक्त हृदयाकडे आणणाऱ्या मोठ्या शिरेचा) उरलेला अवशेष. डाव्या पल्मनरी व्हेन्स (फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा) आणि लेफ्ट एट्रियल अपेंडेज (डाव्या वरच्या कप्प्याला जोडलेली छोटी पिशवी) यांच्यामधून, एट्रियमच्या (वरच्या कप्प्याच्या) बाहेरच्या अंगाने खाली येते आणि कोरोनरी सायनसला (हृदयाच्या स्नायूतलं रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरेला) मिळते. तिच्या सोबतीने स्नायूंचे तंतू आणि नसांचं जाळं असतं. तिथून एएफला ठिणगी मिळते आणि मायट्रल झडपेभोवती फिरणाऱ्या फ्लटरला (गोल फिरत राहणाऱ्या जलद लयीला) वाटही मिळते. आतून रेडिओफ्रिक्वेन्सी (उष्णतेने ऊती मारणारी ऊर्जा) दिली तरी हे बाहेरचे तंतू बऱ्याचदा वाचतात, कारण कोरोनरी सायनसमधलं वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं. इथेनॉल शिरेतूनच भिंतीत झिरपतं आणि पेशींतली प्रथिनं जागच्या जागी गोठवतं.

व्हीनस चाचणीत (२०२०, ३४३ पेशंट) मायट्रल झडपेभोवतीचा ब्लॉक (विद्युत लाट पूर्ण अडवणं) नुसत्या अ‍ॅब्लेशनने ५१.३ टक्के जणांत मिळाला, इथेनॉल जोडल्यावर ८०.६ टक्क्यांत. एका प्रोसीजरनंतर ६ आणि १२ महिन्यांना लय टिकलेले ३८ टक्क्यांवरून ४९.२ टक्के झाले. इतका फरक समोर असताना थांबायचं कशासाठी?

आकडेमोड

थांबायचं, कारण त्या ११.२ टक्क्यांच्या फरकाची विश्वास-मर्यादा (खरा फरक ज्या टप्प्यात असू शकतो तो) ०.८ ते २०.८ आहे. खालचं टोक शून्याला जवळजवळ चिकटलेलं. शिवाय इथेनॉल देऊनही निम्म्याहून जास्त पेशंट त्या निकषावर नापास झाले, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

चीनमधल्या प्रॉम्प्ट-एएफचा (२०२४, ४९८ पेशंट) दाखला तुम्ही पुढे द्यालच, म्हणून आधीच लिहितो. १२ महिन्यांना ७०.७ विरुद्ध ६१.५ टक्के. पण तिथे एका गटाला फक्त पल्मनरी व्हेन्सचं आयसोलेशन (त्या शिरांना एट्रियमपासून विद्युतदृष्ट्या तोडणं) आणि दुसऱ्याला आयसोलेशन, इथेनॉल, शिवाय रूफ, मायट्रल इस्थमस आणि कॅव्होट्रायकस्पिड इस्थमस अशा तीन रेषा (व्रणांच्या सलग ओळी: डाव्या एट्रियमच्या छतावर, मायट्रल झडपेशी आणि उजव्या एट्रियममधल्या झडपेशी). फायदा इथेनॉलचा की रेषांचा, हे त्या रचनेतून कसं वेगळं काढणार?

लयभान

वेगळं काढायची गरजच नाही, माझा मुद्दा तोच आहे. २०१५ च्या स्टार एएफ-२ मध्ये ५८९ पेशंट होते आणि नुसत्या आयसोलेशनवर रेषा जोडून काही मिळालं नाही. रेषा निरुपयोगी, असा निष्कर्ष तेव्हापासून रूढ झाला. मायट्रल रेषेत फट राहिली तर ती रेषा फ्लटरला नवी वाट करून देते. अर्धवट रेषेपेक्षा रेषा नसलेली बरी. प्रॉम्प्ट-एएफमध्ये तशाच रेषा इथेनॉलसह दिल्या आणि निकाल उलटला. इथेनॉल हे वेगळं औषध म्हणून मोजू नका, रेषा पुरी करण्याचं साधन म्हणून मोजा.

शिरोमार्ग

मत देण्याआधी हातातलं काम कसं असतं ते लिहितो, कारण वाद बहुतेक वेळा तिथेच अडतो.

कोरोनरी सायनसमध्ये लांब शीथ (मार्ग देणारी नळी). त्यातून लीमा किंवा जेआर (टोकाच्या वाकाचे ठरावीक प्रकार) आकाराचा कॅथेटर, टोक मागे आणि वर वळवलेलं. व्ह्यूसेन्सच्या झडपेच्या (कोरोनरी सायनसच्या आतल्या टोकाशी असलेल्या झडपेच्या) आसपास हळूहळू फिरवत थोडाथोडा डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडायचा. आरएओ व्ह्यूमध्ये (उजव्या बाजूने तिरक्या घेतलेल्या एक्स-रेत) शीर मागे-वर चढणाऱ्या बारीक काटकीसारखी उमटते. मग ०.०१४ इंची अँजिओप्लास्टी वायर, तिच्यावरून १.५ ते २.५ मिमीचा ओव्हर-द-वायर बलून. बलून फुगवायचा, वायर काढायची आणि आतल्या मार्गातून आधी डायच द्यायचा. डाय कोरोनरी सायनसकडे परत येत असेल तर तोंड नीट बंद झालेलं नाही. अशा वेळी इथेनॉल द्यायचं नाही. बलून बदला किंवा थोडा पुढे न्या.

व्हीनसमध्ये ९८ टक्के इथेनॉल १ मिलीच्या चार हप्त्यांपर्यंत दिलं, प्रत्येक हप्ता दोन मिनिटांत. आधी शिरेच्या दूरच्या भागात द्यायचं, मग बलून मागे ओढत तोंडाकडे यायचं. तोंडाशी एकदाच भरलं तर बलूनच्या पुढची एखादी आडशाखा सगळं पिऊन टाकते आणि शेंड्याला काहीच पोचत नाही.

आणि ही पायरी सुरुवातीलाच घ्या. कोरोनरी सायनसमध्ये आधी रेडिओफ्रिक्वेन्सी दिली की सूज येते आणि शिरेचं तोंड मिटतं. मग अर्धा तास शोधत बसायचं.

चिकित्सक

वर्णन उत्तम, पण "मग अर्धा तास शोधत बसायचं" ह्यातच माझा आक्षेप आहे. व्हीनसमध्ये इथेनॉलसाठी निवडलेल्या १८५ पैकी १५५ जणांनाच ते देता आलं, आणि तेसुद्धा सरावलेल्या हातांना. बाकीच्यांची शीर सापडली नाही, फार बारीक निघाली किंवा तिच्यात बलून शिरला नाही. नवख्या केंद्रात हे प्रमाण आणखी वाढेल आणि प्रत्येक अपयशी प्रयत्नाचा भार पेशंटवर: डाय, फ्लोरोस्कोपी (चालू एक्स-रे), वेळ.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, रेडिओफ्रिक्वेन्सीत पॅडलवरून पाय काढला की इजा तिथेच थांबते. इथेनॉल आत गेलं की परत काढता येत नाही. व्रणाचं क्षेत्र माणसागणिक बदलतं, कारण शिरेच्या फांद्या बदलतात. फांदी अपेंडेजकडे गेली असेल तर अपेंडेजच विद्युतदृष्ट्या तुटतं. ते आकुंचन पावत नाही, आत गुठळी होण्याचा धोका वाढतो. अशा पेशंटची रक्त पातळ ठेवणारी गोळी पुढे कोणाच्या भरवशावर बंद करणार?

शिरोमार्ग

अपेंडेजचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच पहिला व्हेनोग्राम (डाय सोडून घेतलेला शिरेचा एक्स-रे) घाईत बघू नये. मोठी फांदी अपेंडेजकडे जाताना दिसली तर मी दूरचा हप्ता टाळेन. प्रत्येक हप्त्यानंतर अपेंडेजचे सिग्नल बघायचे. ते उशिरा येऊ लागले तर पुढचा हप्ता नको.

डिसेक्शन (शिरेची भिंत फाटणं) झालं तर डाय फांद्यांत वाहून न जाता एका जागी ढगासारखा साचून राहतो. तो शिरेला धरून असलेला पुसट, मर्यादित डाग असेल तर काळजी कमी. डाय हृदयाच्या कडेने पसरू लागला तर वायर आणि बलून काढा, इको लावा.

स्पंदन

सगळे जण रेडिओफ्रिक्वेन्सीशी तुलना करताहेत. पल्स्ड फील्ड (उष्णतेऐवजी विजेच्या झटक्यांनी पेशी मारणारी पद्धत) आल्यावर हा वाद जुना झाला नाही का? मायट्रल इस्थमसवर काही पल्स द्या, ब्लॉक मिळतो. बलून नको, इथेनॉल नको.

लयभान

ब्लॉक टेबलावर मिळतो हे खरं. पण मायट्रल इस्थमसच्या शेजारून सर्कमफ्लेक्स धमनी जाते आणि तिथे पल्स दिल्यावर धमनीचा स्पॅझम (अचानक आकुंचन) येतो, हे नोंदलेलं आहे. म्हणून आधी नायट्रोग्लिसरीन द्यावं लागतं. शिवाय पल्सची खोली कॅथेटर भिंतीला किती टेकलाय यावर ठरते आणि मार्शलचे तंतू बाहेरच्या अंगाला आहेत. पल्स्ड फील्ड आणि इथेनॉल एकमेकांना पूरक ठरतील असं मला वाटतं.

आकडेमोड

"वाटतं" हाच शब्द मला खटकतो. पहिल्याच खेपेला सगळ्यांना द्यायचं असेल तर तुलना नुसत्या पल्स्ड फील्डशी हवी. माझ्या मते आज इथेनॉलची जागा दोन ठिकाणी: आयसोलेशन टिकूनही एएफ परतलं तेव्हा, आणि मायट्रल फ्लटर सिद्ध झाला तेव्हा.

शिरोमार्ग

माझी एक अट तिसरी धरा. ज्याची मायट्रल रेषा काही कारणाने काढायचीच ठरली आहे, त्याला पहिल्याच खेपेला इथेनॉल द्या. रेषा काढायची नसेल तर इथेनॉलही नको.

इथेनॉलने रेषा आपोआप पुरी होते, हा गैरसमजही असू नये. ते पल्मनरी व्हेनकडचा भाग चांगला मारतं. झडपेच्या कडेचा पट्टा बहुधा जिवंत राहतो. तिथे आतून आणि गरज पडली तर कोरोनरी सायनसमधून कमी पॉवरवर रेडिओफ्रिक्वेन्सी द्यावीच लागते.

ब्लॉक तपासताना नुसता दुहेरी सिग्नल (रेषेवर उमटणारे दोन वेगळे सिग्नल) बघून समाधान मानू नका. रेषेच्या अगदी जवळच्या, कोरोनरी सायनसमधल्या इलेक्ट्रोडच्या दूरच्या जोडीवरून पेस करा (विजेचा ठोका द्या), अपेंडेजपर्यंतचा वेळ मोजा. मग आतल्या, सेप्टमकडच्या (मधल्या पडद्याकडच्या) जोडीवरून पेस करा. खरा ब्लॉक असेल तर दुसरा वेळ कमी भरतो, कारण लाट उलट्या बाजूने वळसा घालून येते. वेळ वाढला तर फट शिल्लक आहे.

चिकित्सक

तुमची अट मला पटते, लयभान यांचं "सगळ्यांना" पटत नाही. एक भर घाला: पेरिकार्डियममधलं (हृदयाभोवतीच्या आवरणातलं) पाणी इथेनॉलनंतर काही वेळा उशिरा, पेशंट घरी गेल्यावर साचतं. लॅबमधला इको स्वच्छ असला तरी डिस्चार्जच्या आधी पुन्हा करावा. छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी परत यायचं, हे पेशंटला आणि घरच्यांना लिहून द्यावं.