धुऱ्याचा समेट कागदावर आणा

एकांनी विचारलंय, धुऱ्याच्या (दोन वावरांमधल्या बांधाच्या) भांडणात गावातच आपसी झाली, तर कोर्टात चालू असलेल्या दाव्याचं काय? माझं म्हणणं, तो समेट लोकअदालतीत नोंदवून घ्याच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच (निकालाच्या आदेशासारखाच) असतो. त्यावर अपील होत नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

तोंडी तडजोडीवर विसंबू नका. आमच्या वऱ्हाडात पेरणीआधी वखर फिरतो, धुरा एका तासाएवढा (नांगराच्या एका ओळीएवढा) सरकतो, अन् कपाशी उगवली की शेजारी पुन्हा उभा, "माह्या वावरात आला तू!" पंचांना त्रास, दोन्ही घरांना मनस्ताप. त्यामुळे आधी भूमी अभिलेखकडून (जमीन मोजणीच्या सरकारी खात्याकडून) मोजणी करून घ्या, दोघांसमोर दगड रोवा, मोजणीचा नकाशा तडजोडीच्या अर्जाला जोडा.