दूरच्या शाखेतील राउटर: कॉन्फिगरेशन कधी सेव्ह करावे आणि रीस्टार्ट कसे करावे?

प्रश्न (रत्नागिरी)

नमस्कार. आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय रत्नागिरीत असून गुहागर, देवगड आणि वेंगुर्ला येथील शाखांमध्ये सिस्को आयओएस या राउटरच्या कार्यप्रणालीवर चालणारे राउटर आहेत. पावसाळ्यात झाडे पडून फायबर तुटते, म्हणून प्रत्येक शाखेत मोबाइल सिमवरची पर्यायी जोडणी सुरू करायची आहे आणि त्यासाठी रूटिंगमध्ये, म्हणजे डेटा कोणत्या मार्गाने पाठवायचा याच्या नियमांत, बदल करावे लागतील. हे काम एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे कमांड देण्याच्या पद्धतीने) येथूनच करायचे आहे. पेच असा की, बदल लगेच सेव्ह केले आणि त्यात चूक निघाली, तर शाखेशी संपर्क तुटेल व रीस्टार्ट करूनही ती चूक कायम राहील. सेव्ह न करता थांबावे, तर तिकडे वीज गेल्यास केलेले काम पुसले जाईल. वेंगुर्ल्यात कन्सोल केबल (राउटरला थेट संगणक जोडण्याची केबल) जोडू शकेल असे कोणी नाही. नेमका क्रम कोणता ठेवावा?

उत्तर (चिपळूण)

वीज जाण्याची भीती बाळगू नका. येथे ती आपल्याच बाजूने काम करते. रनिंग-कॉन्फिग, म्हणजे सध्या लागू असलेले कॉन्फिगरेशन (राउटरची सेटिंग्ज), रॅममध्ये असते आणि वीज जाताच नाहीसे होते, तर राउटर सुरू होताना जे वाचतो ते स्टार्टअप-कॉन्फिग एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, टिकून राहते. त्यामुळे बदल अर्धवट असताना वीज गेली, तरी राउटर शेवटच्या सेव्ह केलेल्या स्थितीत परत येईल. काम पुन्हा करावे लागेल, पण शाखा हातची जाणार नाही.

हाच गुणधर्म मुद्दाम वापरावा. आजची स्थिती योग्य असल्याची खात्री करून ती सेव्ह करा आणि तिची एक प्रत एससीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवण्याच्या पद्धतीने) मुख्य कार्यालयातील संगणकावर घ्या. त्यानंतर, एकही ओळ बदलण्यापूर्वी, ‘रीलोड इन १५’ ही कमांड द्या आणि ‘शो रीलोड’ने रीस्टार्टचा टायमर लागल्याचे पाहा. मग बदल करा. संपर्क तुटलाच, तर पंधरा मिनिटांनी राउटर स्वतःहून रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येईल. ही कमांड बदलांनंतर दिली, तर राउटर आधी सेव्ह करायचे का असे विचारतो. तेथे ‘नो’ म्हणणे अत्यावश्यक आहे, कारण ‘येस’ म्हटल्यास परतीची वाटच बंद होते.

तपासणीत घाई करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. उघडे असलेले एसएसएच सत्र चालू राहिले एवढ्यावर विसंबू नका. नवे सत्र उघडून पाहा, शाखेतील संगणकावरून मुख्य सर्व्हर लागतो का ते विचारा, आणि टायमर चालू असतानाच फायबरचा इंटरफेस बंद करून मोबाइल जोडणी खरोखर भार घेते का ते पाहा. हे सर्व जमल्यावर ‘रीलोड कॅन्सल’ करा आणि मगच ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ द्या. फायबरचा इंटरफेस पुन्हा सुरू केल्याशिवाय मात्र सेव्ह करू नका.

प्रश्नकर्ता (रत्नागिरी)

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. संपर्क शाबूत असेल, पण बदल मनासारखा झाला नसेल, तर रीस्टार्ट टाळून स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिगवर कॉपी केले तर चालेल का? कामाच्या वेळेत ग्राहकांना खोळंबून ठेवणे योग्य वाटत नाही.

उत्तर (सावंतवाडी)

चालणार नाही. त्या कॉपीने जुन्या ओळी चालू कॉन्फिगरेशनमध्ये मिसळल्या जातात. आपण नव्याने घातलेला एखादा स्टॅटिक रूट (हाताने ठरवून दिलेला मार्ग) त्यामुळे निघून जात नाही. पूर्ण बदली हवी असल्यास ‘कॉन्फिगर रिप्लेस’ वापरा. ‘आर्काइव्ह’ची, म्हणजे कॉन्फिगरेशनच्या प्रती साठवण्याची, जागा आधी ठरवून ठेवली असेल, तर ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर १०’ने बदल सुरू करता येतात, दहा मिनिटांत ‘कॉन्फिगर कन्फर्म’ दिले नाही, तर राउटर रीस्टार्ट न होता जुन्या स्थितीत जातो. आपल्या राउटरवरील आयओएसमध्ये ही सोय असेल, तर दिवसाच्या कामासाठी मी हीच पद्धत सुचवेन.

शिवाय रीस्टार्टवर भिस्त ठेवण्यापूर्वी ‘शो व्हर्जन’च्या शेवटी कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटरने कसे सुरू व्हायचे हे ठरवणारा आकडा, पाहावे. ते सामान्यतः ०एक्स२१०२ असते. पूर्वी कोणी पासवर्ड रिकव्हरी करून ते ०एक्स२१४२ वर सोडले असेल, तर राउटर सुरू होताना स्टार्टअप-कॉन्फिग वाचतच नाही आणि वेंगुर्ल्याला जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये ‘बूट सिस्टम’ची (सुरू होताना आयओएसची कोणती फाइल घ्यायची हे सांगणारी) ओळ असल्यास तीत लिहिलेली फाइल फ्लॅशमध्ये, म्हणजे राउटरच्या फाइल साठवणाऱ्या मेमरीत, आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.