स्प्रिंग ट्रेनिंग आणि यादीतला तेरावा : तुमचे अनुभव लिहा

खांबाजवळचा

आज सकाळी मीटिंगमध्ये फोन थरथरला. जायंट्सच्या (आमची सॅन फ्रान्सिस्कोची बेसबॉल टीम) स्प्रिंग ट्रेनिंगच्या, म्हणजे मोसमाआधीच्या सरावाच्या कॅम्पातले पहिले कट, वगळलेल्यांची यादी. नावं वाचली, त्यातली एक-दोन ओळखीची, बाकीची त्यांच्या आयांनाच माहीत असतील अशी. "मायनर लीग कॅम्पला पाठवण्यात आले." म्हणजे खालच्या लीगमध्ये. एवढंच. आणि एकदम बाबा आठवले. म्हणजे आहेत अजून, मजेत आहेत, वाळव्यात आहेत. पण २०१३ मधले बाबा आठवले.

तेव्हा ते पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. आदल्या ऑक्टोबरात जायंट्स वर्ल्ड सिरीज जिंकलेले, मी हवेत. मार्चमध्ये त्यांना गाडीत घातलं आणि फ्रीमाँटहून ११-१२ तास हाकत अ‍ॅरिझोनात स्कॉट्सडेलला, जायंट्सच्या कॅम्पला नेलं. बाबा आयुष्यभर शाळेत पीटीचे सर, खो-खोचे कोच. बेसबॉलमधलं ओ की ठो माहीत नाही.

समोर जायंट्सचा बस्टर पोझी. आदल्या वर्षीचा एमव्हीपी, लीगचा सर्वोत्तम खेळाडू! बाबांचं लक्षच नाही. ते बाजूच्या मैदानाकडे बघतायत. तिथे पिचर (चेंडू टाकणारी) मंडळी ओळीने उभी. एकेकाने चेंडू टाकल्यासारखं करायचं, पहिल्या बेसकडे धावायचं, थ्रो घ्यायचा, परत रांगेत. पुन्हा तेच. पुन्हा तेच. बाबा म्हणाले, "बास, हे खरं. बाकी सगळी जत्रा."

मॅचमध्ये सहाव्या-सातव्या इनिंगपर्यंत मोठी नावं आंघोळ करून घरी गेलेली असतात, हे जाणकारांना सांगायला नको. मग येतात ती पोरं ज्यांच्या पाठीवर नावही नसतं, नुसता ऐंशीच्या घरातला नंबर. असंच एक पोरगं राइट फील्डला आलं. एकदाच बॅटिंग मिळाली, तीन चेंडूंत आउट. बाबा मला म्हणाले, "हा तेरावा आहे."
"म्हणजे?"
"बघ की. इनिंग संपली की सगळ्यांच्या आधी पळतो, आणि बाकावर सगळ्यांच्या शेवटी बसतो."

मग परतीच्या वाटेवर, वाळवंटात कुठेतरी, त्यांनी ते सांगितलं जे मी शाळेत असूनही मला माहीत नव्हतं. जिल्ह्याच्या स्पर्धेला बारा जणांची यादी ते शनिवारी ऑफिसच्या काचेवर चिकटवायचे आणि मागच्या गेटने सायकल काढून घरी यायचे. पुढच्या गेटवर तेरावा उभा असायचा म्हणून.

तेव्हापासून दर मार्चमध्ये फोनवर एकदा तरी विचारतात, "त्या तेराव्याचं काय झालं रे?" मी त्याचा नंबरसुद्धा विसरलोय. दर वर्षी थाप मारतो, "खालच्या लीगमध्ये आहे, बरं चाललंय."

असो. तुम्हीही लिहा. टीम कुठलीही चालेल. आमचे वैरी डॉजर्सवालेही चालतील, नाइलाज आहे.

---

उंबरठ्यावरचं_माप

"तेरावा" वाचून दचकले ना मी! म्हटलं कुणाचं काय झालं. शीर्षक बदला हो.

---

कॅक्टसकाठी

फिनिक्सकर हजर. इथे १५ टीमचे कॅम्प, सगळे तास-दीड तासाच्या परिघात, त्यामुळे मार्चमध्ये भारतातून कमी आणि शिकागोहून जास्त पाहुणे येतात आमच्याकडे. नवऱ्याचे कॉलेजचे सगळे मित्र शिकागो कब्सवाले. २०१६ मध्ये १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकले तर एक जण फोनवर हमसून हमसून रडला होता, स्वतःच्या लग्नात कोरडा होता मेला.

नव्यांसाठी : गवतावरची तिकिटं घ्या, स्वस्त पडतात, चादर न्या. टोपी न्या. मार्चचं ऊन म्हणून हसू नका, माझ्या दिराची मान भाजून वांग्यासारखी झाली होती. आणि पार्किंगवरून नवऱ्याशी भांडायचं असेल तर आदल्या रात्रीच भांडून घ्या.

---

पुणे५२

बाहेरचा माणूस, प्रश्न विचारू का? भाचा बोस्टनला आहे, तो सारखा "डीएफए झाला", "ऑप्शन केला" असं बोलतो. हे काय प्रकरण? आणि एवढ्या पोरांना बोलावतात कशाला, जर घ्यायचंच नाही?

---

तिसरा_बेस

@पुणे५२, थोडक्यात सांगतो, डबा उघडलाय समोर.

क्लबची एक ४० जणांची यादी असते. त्यातले २६ प्रत्यक्ष टीममध्ये (२०२० च्या आधी २५ असायचे). उरलेल्यांना "ऑप्शन" करून खाली मायनर लीगमध्ये पाठवता येतं, पण अशी वर्षं साधारण तीनच मिळतात. ती संपली की खाली पाठवायच्या आधी इतर क्लबांना उचलायची संधी द्यावी लागते. डीएफए म्हणजे ४० मधून नाव काढलं. मग सात दिवसांत निकाल लावायचा : ट्रेड करा, दुसऱ्या कुणी उचलला तर द्या, नाहीतर खाली पाठवा किंवा सोडा. ते सात दिवस तो माणूस ना घरचा ना घाटचा.

आणि ज्यांना यादीत नाव नसताना नुसतं कॅम्पला बोलावतात त्यांना म्हणतात नॉन-रोस्टर इन्व्हायटी. त्याचा शॉर्टफॉर्म इथले पत्रकार सर्रास लिहितात : एनआरआय 😀

---

पुणे५२

😂😂 भाच्याला पाठवतो लगेच. धन्यवाद.

---

रांगेत_अजून

एनआरआय! म्हणजे बोलावलंय, काम करून घेतायत, टॅक्स घेतायत, पण यादीत नाव नाही. मी २०१२ पासून कॅम्पात आहे साहेब, ग्रीन कार्डच्या ४० मध्ये अजून नंबर लागायचाय. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (ग्रीन कार्डची रांग कुठवर आली ते) बघतो, हेच आमचं रोस्टर न्यूज.

---

उंबरठ्यावरचं_माप

@रांगेत_अजून, तुमची तारीख कुठली? ग्रीन कार्डचा गट इबी-२ की ३? आमची जून २०१४. विपूत (विचारपूस) लिहिते.

---

बर्फातला_बोरकर

बोस्टन. रेड सॉक्सचं आमच्याकडे फेब्रुवारीतच सुरू होतं. "ट्रक डे" असतो. त्यांच्या फेनवे मैदानाच्या बाहेर बर्फाचे ढीग, आणि एक भलामोठा ट्रक सामान भरून फ्लोरिडाला फोर्ट मायर्सला, कॅम्पला निघतो. वीस हजारांवर बॉल, बॅटी, सूर्यफुलाच्या बियांची खोकी. बस, एक ट्रक निघतो, आणि लोक टाळ्या वाजवतात! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं काय येडी माणसं आहेत. दुसऱ्या वर्षी मीच कानटोपी घालून हात हलवत होतो. पालखी प्रस्थानाला जमतात तसं. फक्त इथे माउली ट्रकमध्ये आणि वारकरी रस्त्याच्या कडेला थंडीत कुडकुडत.

फोर्ट मायर्सचं मैदान (२०१२ ला उघडलं) फेनवेच्याच मापाचं आहे, ती डावीकडची उंच भिंतसुद्धा. २०२३ चा किस्सा आठवतो का कुणाला? पिच क्लॉक (पिचर आणि बॅट्समनला तयार व्हायला ठरावीक सेकंद) नवीन आलं होतं. ब्रेव्ह्जविरुद्ध ६-६, नववी इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, फुल काउंट, म्हणजे आणखी एक स्ट्राइक की आउट, एक चुकीचा चेंडू की वॉक (फुकट पहिला बेस). बॅट्समन पोरगं वेळेत तयार झालं नाही म्हणून अंपायरने तिसरा स्ट्राइक दिला, मॅच खल्लास, टाय! त्याला वाटलं पिचर चुकला, आपल्याला वॉक मिळाला, म्हणून तो निघालाही पहिल्या बेसकडे. मी टीव्हीसमोर पोळ्या लाटत होतो, लाटणंच थांबलं.

---

कॅक्टसकाठी

पोळ्या तुम्ही लाटत होतात हीच मोठी बातमी आहे.

---

दूधहळद

रिंकू सिंग पण बेसबॉल खेळायचा ना? केकेआरवाला?

---

तिसरा_बेस

@दूधहळद, तो वेगळा. बेसबॉलवाला रिंकू सिंग उत्तर प्रदेशातलाच, भालाफेक करायचा. एका टीव्ही स्पर्धेतून तो आणि दिनेश पटेल, दोघांना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी करारबद्ध केलं. मायनर लीगमध्येच राहिला, दुखापती झाल्या, नंतर कुस्तीत डब्ल्यूडब्ल्यूईत गेला, वीर महान नावाने.

आता भारतीय वंशाची नावं हवीत तर कुमार रॉकर (आईकडून), २०२४ मध्ये रेंजर्सकडून वर, म्हणजे मेजर लीगमध्ये आला. आणि अर्जुन निम्मला, ब्लू जेजनी २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) पहिल्याच फेरीत घेतला, सतराव्या वर्षी. तेलुगू घरातला.

---

दूधहळद

मराठी कुणी नाही म्हणजे. आपली पोरं स्पेलिंग बी खेळतात.

---

आयोवातली_मामी

खांबाजवळचा, तुमचं वाचून राहवलं नाही. कूकरच्या शिट्ट्या मोजत लिहितेय, चुका पोटात घाला.

आमच्या गावात मायनर लीगची टीम होती. २०१४ ते २०१७ आम्ही होस्ट फॅमिली होतो. म्हणजे मोसमभर एका खेळाडूला घरात खोली द्यायची. तेव्हा या पोरांना राहायची सोय क्लब देत नसत (२०२२ पासून देतात). पगार तुटपुंजा, आणि स्प्रिंग कॅम्पात तर पगारच नाही, नुसता जेवणखर्च. आपल्याला वाटतं अमेरिकेतला प्रोफेशनल खेळाडू म्हणजे काय थाट. आमच्याकडचा पहिला आला तो एक डफल बॅग आणि तीन जोडी बूट घेऊन. डॉमिनिकन रिपब्लिकचा, १९ वर्षांचा, पिचर.

पहिल्याच दिवशी मला म्हणतो, "मामी." मी थक्क! म्हटलं याला कुणी शिकवलं? मग कळलं त्यांच्याकडे आईला, मोठ्या बाईला असं लाडाने म्हणतात. पण मी काही ते दुरुस्त केलं नाही. मी त्याला नवऱ्याला "मामा" म्हणायला लावलं. नवरा बॉसच्या थाटात फिरायचा.

काही खायचा नाही आधी. एक दिवस मी राजमा केला, भात केला. पातेल्याचं झाकण काढून वास घेतला आणि खुर्चीतच बसला. रोज त्याच्या आईकडे हेच, भात आणि लाल घेवडा. डोळे पुसले बाहीने. त्यानंतर आठवड्यातून तीन वेळा राजमा. आम्हाला वात आला, अक्षरशः.

दोन मोसम होता. तिसऱ्या वर्षी मार्चअखेर, मी ऑफिसमध्ये, त्याचा फोन. "मामी." मग बराच वेळ काहीच नाही. मागे कुठेतरी बॅटिंगचा टक टक आवाज येत होता. सकाळी लॉकरपाशी एक माणूस येतो म्हणे, खांद्यावर हात ठेवतो, "ऑफिसात बोलावलंय." सगळ्यांना कळतं. कुणी वर बघत नाही. दुपारी विमानाचं तिकीट हातात.

मी मूर्खासारखं विचारलं, "जेवलास का?"

आता त्यांच्याकडे सॅन्तियागोत मोटारींचे टायर विकतो, दोन मुली आहेत. दिवाळीला फोन करतो, तारीख चुकते त्याची, पण करतो.

पण मार्चच्या शेवटी त्या रोज येणाऱ्या याद्या मी अजून वाचते. ओळखीचं कुणी नसतं. तरी वाचते.

---

बर्फातला_बोरकर

मामी 🙏 लाटणं परत थांबलं.

---

इचिरोपंथी

सिएटल. आमचा एकच देव. २०१८ ला जपानचा इचिरो परत आमच्या मरिनर्समध्ये आला तेव्हा मी त्यांच्या कॅम्पला, पिओरियाला गेलो होतो, लेकाला खांद्यावर घेऊन. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस विशीतल्या पोरांच्या आधी स्ट्रेचिंगला हजर. २०१९ ला टोकियोत शेवटची मॅच खेळला. २०२५ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला, ३९४ पैकी ३९३ मतं. तो एक मतदार कोण, हे मला मरायच्या आधी कळलं पाहिजे. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतही असा एक असायचाच.

---

हिरवा_पिवळा

तुमचे खेळाडू तरी कापले जातात. आमची टीमच गेली. ओकलंड एज (A's). २६ सप्टेंबर २०२४, ओकलंडच्या कॉलिझियम मैदानातली शेवटची मॅच, रेंजर्सना ३-२ हरवलं. मी होतो तिथे, ४६ हजारांवर माणसं. तीच माणसं आधी आली असती तर, असं मालक म्हणणार, आणि आम्ही म्हणणार टीम विकून खाणाऱ्यासाठी कशाला यायचं. आता सॅक्रामेंटोला एका मायनर लीगच्या मैदानात खेळतात, पुढे वेगस. फिनिक्सजवळ मेसाला कॅम्प अजून आहे म्हणे. मी या वर्षी बातम्याच बंद केल्यात. हा धागा कसा उघडला कुणास ठाऊक.

---

कॅक्टसकाठी

@हिरवा_पिवळा, मेसाला आलात तर घरी या. बेसबॉलचं नाव काढणार नाही.

---

रांगेत_अजून

२०२० ला आमची १४ मार्चची तिकिटं होती. १२ तारखेला कोविडमुळे सगळं बंद. आईबाबा इथे आलेले, ते मग सप्टेंबरपर्यंत अडकले. बाबांनी त्या काळात यूट्यूबवर जुन्या वर्ल्ड सिरीज बघून काढल्या, आता मला ते इनफील्ड फ्लायचा नियम समजावतात.

---

दूधहळद

अवांतर : फिनिक्सला चांगली मिसळ कुठे मिळते? एप्रिलमध्ये येतोय.

---

कॅक्टसकाठी

कुठेच नाही. माझ्याकडे. फरसाण घेऊन या येताना.

---

खांबाजवळचा

सगळ्यांना धन्यवाद. डब्यासाठी अर्धा तास होता, तो यातच गेला.

मामी, तुमचा प्रतिसाद मघाशी बाबांना फोनवर वाचून दाखवला. मध्ये दोनदा म्हणाले, "जरा थांब." मग विचारलं, "तो ऑफिसात बोलावणारा माणूस, तो स्वतः येतो का लॉकरपाशी?" म्हटलं हो, तसंच दिसतंय. "तोंडावर सांगतात?" हो.

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि तो पोझी काय करतो आता?"

म्हटलं, बाबा, तो रिटायर झाला, आता तोच जायंट्सचा मुख्य आहे, २०२४ पासून. याद्या आता त्याच्याच हातात.

"अरेरे," म्हणाले. "चांगला खेळत होता की."