अनुभव धागा: कोणत्या खोलीत कोणता स्पॉटलाइट?

स्पॉटलाइट घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा?" आणि तिथेच निवड चुकायला सुरुवात होते. या धाग्यात ज्यांनी दिवे निवडले, बसवले किंवा दुरुस्त केले आहेत त्यांनी मोजमापांसह लिहावं: छताची उंची, झोताचा कोन, प्रकाशाचा रंग, भिंतीपासूनचं अंतर, आणि काय बिघडतं ते. नुसतं "छान दिसतो" म्हटल्याने पुढच्याला दिवा निवडता येत नाही.

मोजपट्टी

वॅटच्या आधी झोताचा कोन बघा. पाकिटावर १५°, २४°, ३६°, ६०° असा छापलेला असतो. छत २.४ मीटरवर असेल तर जमिनीवर पडणाऱ्या वर्तुळाचा व्यास साधारण असा येतो: १५° ला ६३ सेंमी, २४° ला १ मीटर, ३६° ला दीड मीटरच्या थोडं वर, ६०° ला पावणेतीन मीटर. पण वाचन-लेखन जमिनीवर होत नाही, टेबलावर होतं. टेबल ७५ सेंमी उंच धरलं तर दिव्यापासूनचं अंतर १.६५ मीटर उरतं आणि ३६° चं वर्तुळ १.०७ मीटरवर येतं. दिवे दूर दूर लावले की टेबलाचं एक टोक अंधारात राहतं ते याचमुळे.

वर्तुळाच्या मध्यावरचा उजेड काढायचा असेल तर पाकिटावरचा कॅन्डेलाचा (झोताच्या तीव्रतेचा) आकडा घ्या आणि मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागा; उत्तर लक्समध्ये, म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाच्या मापात येतं. ९०० कॅन्डेलाचा दिवा १.६५ मीटरवर सुमारे ३३० लक्स देतो. वाचायला ३०० ते ५०० लक्स हवेत, म्हणजे हा चालेल. तोच दिवा २.४ मीटरवर, जमिनीपाशी, १५६ लक्सच देतो. मात्र तीव्रता मध्याच्या निम्मी होते तिथपर्यंतचाच कोन पाकिटावर लिहितात. त्याबाहेरही उजेड असतो, तो विरत जातो. म्हणून वर्तुळं एकमेकांवर थोडी चढतील इतकंच अंतर ठेवावं.

ओटा_आणि_उजेड

स्वयंपाकघरात दिव्यांची रांग छताच्या मध्यावर काढतात, हीच मोठी चूक. ओट्याशी उभं राहिलं की दिवा पाठीमागे जातो आणि आपलीच सावली नेमकी सुरीखाली पडते. ओटा ६० सेंमी रुंद असेल तर दिव्याचा मध्य भिंतीपासून ५५ ते ६० सेंमीवर, म्हणजे ओट्याच्या पुढच्या कडेवर आला पाहिजे. दिवे ३६° चे, दोन दिव्यांत ८० ते ९० सेंमी.

वर कपाटं असतील तर हेही पुरत नाही. कपाटाचं दार निम्मा झोत अडवतं आणि ओट्याची मागची बाजू काळोखी राहते. तिथे स्पॉटलाइटचा हट्ट सोडून कपाटाखाली एलईडी पट्टी लावा: ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत, दुधी झाकणासकट, कपाटाच्या पुढच्या कडेला. झाकण नसलं तर चकचकीत ओट्यात एकेक एलईडीचा ठिपका दिसतो.

रंगदर्शकांक, म्हणजे सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा), ९० घ्या. ८० चाही चालतो असं सांगतात, पण लाल छटा त्यात मळकट दिसतात आणि टोमॅटो, मिरची, मांस यांचा ताजेपणा नजरेनेच पारखायचा असतो. पाकिटावर आर ९ चा, म्हणजे गडद लाल रंगाचा, आकडा वेगळा दिला असेल तर ५० च्या वरचा बघा. प्रकाशाचा रंग ४००० केल्विन (आकडा कमी तितका उजेड पिवळसर, जास्त तितका निळसर). समोर काच असलेला बंद दिवाच घ्या. उघड्या लेन्सवर तेलकट वाफेचा थर बसतो, तो पिवळा पडतो आणि घासून काढताना लेन्सवर चरे पडतात.

शांत_छत

वरच्या ४००० केल्विनबद्दल: स्वयंपाकघर बंद असेल तर मान्य. ते दिवाणखान्याला उघडं असेल तर दोन्हीकडे ३००० च ठेवा. एका नजरेत निळसर आणि पिवळसर उजेड शेजारी आले की दोन्ही चुकीचे वाटतात.

झोपायच्या खोलीत उशीच्या वर एकही स्पॉटलाइट नको. पडल्यावर डोळा थेट दिव्यात जातो. तान्हं बाळ दिवसभर उताणं असतं, तेव्हा त्याच्या खोलीत तर नकोच. दिवा कपाटाच्या दारावर किंवा भिंतीवर पडू द्या, २७०० ते ३००० केल्विनचा. एलईडी कडेपासून आत खोल बसवलेला आणि भोवतीची वाटी काळी असा प्रकार घ्या, म्हणजे बाजूने बघताना छत शांत दिसतं.

आणि छताचा पंखा! पात्यांनी झोत कापला की सगळी खोली लुकलुकते. १२०० मिमी पंख्याचं पातं मध्यापासून ६० सेंमी जातं. पाती छताखाली ३० सेंमी असतील तर ३६° चा झोत तिथवर प्रत्येक बाजूला १० सेंमी पसरलेला असतो, आणि बाहेरचा विरळ उजेडही लुकलुकतोच. म्हणून पंख्याच्या मध्यापासून दिवा किमान ९० सेंमी दूर ठेवा.

टेस्टर

बसवण्याकडे येतो.

दिव्यावर दोन मापं असतात, बाहेरचा व्यास आणि कटआउट, म्हणजे छतातल्या भोकाचा व्यास. उदाहरणार्थ ८५ आणि ७५ मिमी. दिवे हातात आल्याशिवाय छताला भोक पाडू नका. भोक ८२ झालं तर कडा जेमतेम झाकते आणि स्प्रिंगची पकड सुटते. भोकाआधी छोटं लोहचुंबक छतावर फिरवा. जिथे चिकटेल तिथे छताच्या सांगाड्याचा चॅनल किंवा स्क्रू आहे. मग पेन्सिलने खूण करून दिव्यांची अख्खी रांग सरकवा, एकटा दिवा सरकवला तर तो कायम डोळ्यांत खुपतो. दिव्याच्या वर ५ सेंमी मोकळी हवा हवी. एलईडीला मारते ती उष्णता, त्यामुळे छतात उष्णतारोधक लोकर असेल तर ती दिव्यावर पसरू देऊ नका.

ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला ठरलेला प्रवाह पुरवणाऱ्या डबीचा, मिलिॲम्पिअर आकडा दिव्याशी जुळलाच पाहिजे. ३०० च्या दिव्याला ६०० चा ड्रायव्हर लावला की उजेड झकास पडतो आणि दिवा लवकर मरतो. आधी दिवा ड्रायव्हरला जोडा, मग मेन चालू करा. चालू ड्रायव्हरला दिवा जोडल्यास साठलेल्या व्होल्टेजचा झटका बसून चिप जाऊ शकते. ड्रायव्हर त्याच भोकातून बाहेर ओढता येईल एवढाच घ्या, कारण दिव्याआधी सहसा तोच जातो आणि बदलायला छत फोडावं लागता कामा नये.

बंद केल्यावरही मंद उजेड राहतो, ही तक्रार नेहमीची. कारणं तीन: स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेला, स्विचमधला निऑन इंडिकेटर, किंवा लांबपर्यंत एकमेकींना लागून गेलेल्या वायरी. पहिलं कारण धोक्याचं आहे, कारण दिवा बंद दिसतो पण होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. ते वायरमनकडून लगेच दुरुस्त करून घ्या.

नवीन_घर

प्रश्न: १२ व्होल्टचे हॅलोजन काढून तिथे एमआर १६ (छोटे, दोन पिनांचे, वाटीच्या आकाराचे) एलईडी लावले तर लुकलुकतात. दिवेच खराब आहेत का?

टेस्टर

बहुधा नाही. हॅलोजनच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला चालायला किमान भार लागतो. तो २० वॅट लिहिलेला असेल तर ५ वॅटच्या एकट्या एलईडीवर तो नीट चालणार नाही. ट्रान्सफॉर्मरवर किमान आकडा छापलेला असतो, बघून घ्या. १२ व्होल्टचा एलईडी ड्रायव्हर टाका, किंवा ट्रान्सफॉर्मर काढून जीयू १० होल्डर (दोन खुंट्यांचा दिवा वळवून बसवायचा) आणि थेट मेनवरचे दिवे लावा. डिमर असेल तर त्यालाही हाच नियम: जुन्या डिमरचा किमान भार जास्त असतो. ट्रेलिंग एज (एलईडीला जुळणाऱ्या) प्रकारचा घ्या, आणि दिव्यावर किंवा ड्रायव्हरवर डिमेबल लिहिलंय याची खात्री करा.

भिंतीवर

चित्रासाठी झोत उभ्या रेषेपासून ३०° कलता ठेवा. छताच्या उंचीतून चित्राच्या मध्याची उंची वजा करा आणि ०.५८ ने गुणा. छत २.७ मीटर, चित्राचा मध्य १.५ मीटर, तर दिवा भिंतीपासून ७० सेंमीवर. जवळ घेतला तर चौकटीची सावली चित्रावर उतरते, लांब नेला तर काचेत दिवाच दिसतो. २४° पुरतो, दिवा मात्र वळवता येणारा हवा.

दगडी किंवा खडबडीत भिंत खुलवायची तर दिवा भिंतीपासून १५ ते २० सेंमीवर. हेच सपाट रंगवलेल्या भिंतीवर करू नका, पुट्टीची प्रत्येक लाट उठून दिसते.

ओल

न्हाणीघर: शॉवरच्या वर आयपी ६५ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), बाकी छतात आयपी ४४. आरशासमोर डोक्यावरचा एकच स्पॉटलाइट असेल तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली काळं पडतं, दाढी अर्धी राहते. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर दिवे हवेत.

जिना: उतरताना दिवा डोळ्यांत जाणार नाही असा, आणि वर-खाली दोन्हीकडून चालणारा स्विच.

मोजपट्टी

दोन गोष्टी राहिल्या. एक, सगळे दिवे एका स्विचवर घेऊ नका. दिवाणखान्यात भिंतीवरचे, बसण्याच्या जागेचे आणि येण्याजाण्याच्या वाटेचे वेगळे ठेवले तर निम्म्या दिव्यांत संध्याकाळ निघते. दोन, दर दहा दिव्यांमागे एक-दोन जादा घ्या, त्याच बॅचचे. नंतर आणलेला ३००० केल्विनचा दिवा जुन्या ३००० शी हुबेहूब जुळेलच असं नाही. पाकिटावरचा बॅच क्रमांक, कटआउटचा व्यास आणि ड्रायव्हरचा मिलिॲम्पिअर आकडा यांचा फोटो काढून ठेवा; छतात बसल्यावर ते वाचता येत नाहीत.