शाळा-कॉलेजच्या वयात केलेलं फुकटचं काम: तुमचे अनुभव सांगा

निशिगंधा_पुणे
परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. दहावीच्या पेपरांना लेखनिक (सांगितलेलं उत्तर जसंच्या तसं लिहून देणारी) हवी आहे, नववीतली किंवा त्याखालची मुलगी, अक्षर वाचता येईल असं. खाली भराभर जोडलेले हात आणि फुलं आली, नाव एकीचंही नाही. आमच्या घरी नववीतली कन्या आहे. ती मेसेज वाचून म्हणाली, "मी जाऊ?" आणि मला एकदम माझी नववी आठवली.

कोथरूडच्या अंध मुलींच्या शाळेतल्या एका ताईचे पेपर मी लिहिले होते. नियम तेव्हाही हाच होता, लेखनिक खालच्या इयत्तेतला पाहिजे. म्हणजे बघा, मोठ्या माणसाने कितीही मनावर घेतलं तरी हे काम त्याला करता येत नाही. तेरा-चौदा वर्षांचं पोरच लागतं. मला तेव्हा घरात कोणी साधा गॅस लावू देत नव्हतं, आणि इथे एकीचं अख्खं वर्ष माझ्या पेनावर.

वेगळी खोली, एक पर्यवेक्षक बाई आणि आम्ही दोघी. ताई स्वल्पविरामासकट सांगायची. मराठीच्या पेपरात 'पंचवटी'चा समास विचारला होता. ती म्हणाली द्वंद्व. मला द्विगू माहीत होता, बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी द्वंद्वच लिहिलं. बाहेर आल्यावर ताई म्हणते, "द्विगू होता ना गं? तुझं पेन थांबलं तेव्हाच कळलं मला. पण तेव्हा बदललं असतं तर तू सांगितलंस असं झालं असतं." मी गारच पडले.

तर तुम्ही त्या वयात असं काय काय केलंत? एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), सेवादल, पूर, गणपती, वारी, काहीही चालेल. सर्टिफिकेटसाठी केलं असेल तरी लिहा, इथे कोणी नावं ठेवणार नाही. (खवचट ठेवेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.)

भुईनळा
माझं अक्षर बघून मला लेखनिक म्हणून कोणी उभं केलं नाही, वाचनावर पाठवलं. अकरावीत होतो. अंध मुलांसाठी इतिहासाचं पुस्तक कॅसेटवर वाचून द्यायचं. घरात एकच खोली शांत, ती स्वयंपाकघराला लागून. आठवड्याने ज्या मुलासाठी वाचलं त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "१८५७ च्या उठावात कुकरच्या शिट्ट्या कोण वाजवत होतं?"

त्यानेच मला ब्रेलची पाटी दाखवली. स्टायलसने टोचून लिहायचं ते उजवीकडून डावीकडे, मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. मला स्वतःचं नाव टोचायला अर्धा तास लागला. तो तेवढ्यात हसून हसून पडला होता.

शेवंता
कुकर 😂😂 निशिगंधा, लेकीला जाऊ दे. आता पेपराला ताशी २० मिनिटं जादा मिळतात. डबा मोठा दे फक्त.

कृष्णाकाठचा_बाबू
२०१९ चा पूर. मी अकरावीत. ऑगस्टात आमच्या शिरोळ तालुक्यात पाणी किती दिवस उतरलंच नाही, ते सगळ्यांना ठाऊक हाय. आमचं घर जरा उंचावर, वाचलं. पाणी उतरल्यावर पोरं जमली आणि खोरी घेऊन निघाली. कोणी सांगितलं न्हवतं, नोंदणी न्हवती, टीशर्ट न्हवता.

चिखल म्हंजे काय ते बाहेरच्यांना कळायचं न्हाई. गुडघ्याएवढा, वर कुजका वास. चिखल ओला आहे तोवरच काढायचा, वाळला की पहार लावायला लागते. हे आम्हाला एका म्हातारीनं सांगितलं, तिनं २००५ चा पण पूर बघितला होता. तिच्या घरात गेलो तर म्हणाली, आधी देव्हारा नको, आधी गोठा. जनावर परत आलं तर उभं कुठं राहील? आम्ही शहाणे देव्हाऱ्यापासून सुरू करणार होतो.

बाहेरून आलेली एक टोळी सेल्फी काढून दुपारच्या आत गेली. असो. नाशिकची पोरं मात्र चांगली होती, आमच्यासारखीच वास मारत होती.

खवचट
नाव घेतलंत म्हणून आलो. आमच्या कॉलेजात एनएसएसचं वृक्षारोपण व्हायचं. दरवर्षी पाहुणे वेगळे, खड्डा तोच. तिसऱ्या वर्षी मी त्या खड्ड्याला ओळखायला लागलो होतो. त्यातून मला दहा ग्रेस मार्क मिळाले आणि मी गणितात पास झालो. समाजाचं माहीत नाही, माझा विकास नक्की झाला.

कार्यक्रम_अधिकारी_निवृत्त
खवचट, तुमच्यासारखे दरवर्षी दहा तरी असायचे, त्यातले चार शिबिरात सुधारायचे. मी बरीच वर्षं एनएसएसचं युनिट सांभाळलं. नव्या मुलांसाठी सांगतो. योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, हा सांगाडा.

तास भरणं सोपं असतं, त्यात खड्डे वगैरे होतात हे कबूल. खरी गंमत शिबिरात. पहिल्या दिवशी मुलांना संडास कुठे हा प्रश्न असतो, दुसऱ्या दिवशी मोबाइलला रेंज कुठे हा. तिसऱ्या दिवशी भांडणं. चौथ्या दिवशी कोणीतरी गावातल्या आजींकडे चहाला गेलेलं असतं, आणि मग ते मूल आपलं नसतं, गावाचं असतं. एक मुलगा वर्गात हजेरीलासुद्धा तोंड उघडत नसे. शिबिरात त्याच्याकडे कोठीच्या किल्ल्या दिल्या. तांदूळ मोजून देणं, उरलेलं लिहून ठेवणं. शेवटच्या दिवशी गावसभेत हिशेब त्यानेच वाचला. आवाज लहान होता, पण वाचला. मी काही केलं नाही हो, फक्त किल्ल्या दिल्या.

खवचट
सर, आमच्या युनिटला तुम्ही हवे होतात. (हे खवचट नाही.)

वरोऱ्याची_मी
सोमनाथ! कोणीच कसं लिहिलं नाही अजून? बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी, १९६७ पासून, मूलजवळ. १५ ते २२ मे. चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना इचारा 😅

बारावीची परीक्षा देऊन गेली होती मी. आई म्हणे, घरी एक बादली उचलत नाहीस, तिथे काय करशील? पहाटे चारला उठायचं, उजाडायच्या आधी कुदळ-फावडं हातात. आठ-नऊला ऊन असं तापते की काम बंद. त्याआधी घमेल्यांची साखळी. माझ्या शेजारी एक काका होते, कुष्ठरोगातून बरे झालेले, बोटं जवळजवळ नव्हती. मनगटांमध्ये घमेलं धरून असे भराभर पुढे देत होते की माझ्याकडे ढीग लागला. मला म्हणाले, "पोरी, वाकू नको, गुडघे वाकव." पाठ दुखली की अजून तेच आठवते.

दुपारी व्याख्यानं. खरं सांगते, अर्धी मी झोपेत ऐकली. पण रात्री पारावर वाद व्हायचे, नर्मदा, धरण, आरक्षण, सगळं. घरी माझं मत कधी कोणी इचारलंच नव्हतं. तिथे एक नागालँडचा मुलगा माझ्याशी तासभर भांडला. बरं वाटलं.

शेवंता
घरी बादली न उचलणाऱ्या मुली बाहेर कुदळ कशी चालवतात हे मला माझ्या मुलीबाबतही पडलेलं कोडं आहे. वारीत वाखरीच्या मुक्कामी स्वच्छतेला गेली होती, परत आल्यावर स्वतःच्या खोलीतला चहाचा कप चार दिवस तिथेच.

टोरांटोकाकू
आमच्याकडे हे सक्तीचं आहे. ऑन्टारिओत हायस्कूलचा डिप्लोमा हवा तर ४० तासांचं समाजकार्य करावंच लागतं, पैसे घेऊन केलेलं चालत नाही. आठवी संपल्यावरच्या उन्हाळ्यापासून तास धरतात, म्हणजे चार वर्षं असतात हाताशी. आमचे चिरंजीव बारावीत जागे झाले.

मंडळाच्या गणपतीला वाढप्याचं काम दिलं. हा वरणाचं भांडं घेऊन पंगतीत फिरतोय आणि प्रत्येक आजीला इंग्रजीत विचारतोय की वाढू का. आज्या म्हणाल्या, "वाढ रे बाळा, विचारतोस काय!" दोन पंगतींनंतर त्याला "बास", "थोडंच", "अजून घे" एवढं मराठी पक्कं झालं, जे मला सतरा वर्षांत जमलं नव्हतं. उरलेले तास फूड बँकेत डबे लावून पुरे केले. गंमत म्हणजे ४० झाले तरी तिथे जातोच आहे. विचारलं तर म्हणतो, शनिवारी तिथला एक म्हातारा वाट बघतो. आता हे सक्तीचं की बिनसक्तीचं, मला सांगता येणार नाही.

भुईनळा
काकू, वरण वाढायला शिकला म्हणजे डिप्लोमा आपल्याकडूनही द्यायला हरकत नाही.

जुना_माणूस
किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी विसर्जन झालं होतं, माणसं थकून झोपली होती. पहाटे चारच्या जरा आधी. मी सतरा वर्षांचा, कॉलेजच्या तुकडीबरोबर गेलो. पाऊस चालू होता.

त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. एवढंच लिहितो. पहिले काही दिवस आम्हा मुलांना ढिगाऱ्याजवळ जाऊ दिलं नाही, योग्यच केलं. आम्हाला ट्रकमधले कपडे निवडायला बसवलं. लोकांनी काय काय पाठवलं होतं: कोट, लग्नातले शालू, एकेकटे बूट. गावातल्या बायकांना नऊवारी हवी, ती गठ्ठ्यात एखादीच. मग एका सरांनी मला पोस्टकार्डांचा गठ्ठा दिला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहायची. मुलगा सुरतेला, भाऊ भिवंडीला. "आम्ही आहोत" हे पहिलं वाक्य, मग कोण नाही त्यांची नावं. एका आजोबांनी सगळी नावं सांगून झाल्यावर बैलाचं नाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं.

तिथली घरं दगडमातीची, वर मातीचं जड माळवद. भिंती चांगल्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद. एवढी जाड भिंत पडते कशी हे मला कळेना. एका इंजिनिअरांनी तिथेच दाखवलं, बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मध्ये माती, एकमेकांत गुंतवलेले नाहीत. हलल्यावर दोन्ही बाजू सुटल्या आणि वरचं माळवद खाली आलं. मी पुढे सिव्हिलला गेलो.

निशिगंधा_पुणे
काका, लिहिलंत त्याबद्दल आभार. बैलाचं वाचून थांबले जरा.

वरोऱ्याची_मी
🙏

मिनी_अँपिअर
माझं फार किरकोळ आहे या सगळ्यापुढे. नववी-दहावीत विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करायचे. काम म्हणजे दुर्वा-फुलं एकीकडे, प्लॅस्टिक-थर्माकोल एकीकडे, आणि शिव्या खाणं. "आम्हाला शिकवतेस का?" हे किती काकांनी म्हटलं असेल. मी लाजाळू होते, पहिल्या वर्षी रडून घरी आले. दुसऱ्या वर्षी कळलं की काकांना सांगायचंच नाही, त्यांच्याबरोबरच्या लहान मुलाच्या हातात कलशाचं झाकण द्यायचं. बापाची काय बिशाद नाही म्हणायची. आता सेल्समध्ये आहे, तीच युक्ती वापरते.

पुण्यात प्लास्टरच्या मूर्ती घरी विरघळवायला महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देते, बेकरीत वापरतात तेच. मी सोसायटीत ते वाटायचे. बादलीत मूर्तीएवढ्या वजनाची पावडर टाकायची, दिवसातून तीन-चारदा ढवळायचं. वास असा येतो की शेजारचे विचारतात. खाली उरतो तो खडूसारखा गाळ, वरचं पाणी झाडांना, त्यात अमोनियम सल्फेट असतं. केमिस्ट्रीत अमोनियम सल्फेट आलं तेव्हा वर्गात माझ्या एकटीचा हात वर.

जलमित्र_मुंबईचा
पानी फाउंडेशनच्या वॉटर कपला (गावागावांत पाणी अडवायची स्पर्धा) १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला गेलो होतो, मित्रांबरोबर, मुख्यतः ट्रिप म्हणून. सलग समतल चर खणायचे. डोंगरउतारावर एका पातळीतली रेघ कशी आखायची? तीन काठ्यांची ए-फ्रेम, मधून दोरीला दगड. गावातली सातवीतली पोरगी आम्हा सायन्सवाल्यांना शिकवत होती. आमची रेघ बघून म्हणाली, "दादा, हितनं पानी पळून जाईल." पुसून परत आखायला लावली. एवढ्या शांतपणे माझा अपमान कोणी केला नाही.

हाताला फोड आले. आईने विचारलं, कंपनीत भरती झालास का. तरी दुसऱ्या वर्षी गेलो.

नववीची_आई
सगळं वाचतेय, छान. पण मला सांगा, मुलगा चौदाचा आहे, पुण्यात कुठे पाठवू? रक्तदान शिबिरात विचारलं तर नको म्हणाले.

कार्यक्रम_अधिकारी_निवृत्त
रक्त द्यायला १८ पूर्ण आणि वजन निदान ४५ किलो लागतं. पण टेबलाशी नावं लिहिणं, रक्त दिल्यावर दात्याला बसवून ठेवणं आणि बिस्किटं देणं ही कामं चौदाचा मुलगा उत्तम करतो. एक सुचवतो: त्याला विचारून पाठवा आणि तुम्ही सोबत जाऊ नका. आई कोपऱ्यात बसली की मूल तिच्याकडे बघून काम करतं.

नववीची_आई
म्हणजे मी रिक्षातच बसू?

कार्यक्रम_अधिकारी_निवृत्त
घरी बसा.

कृष्णाकाठचा_बाबू
सर 😂 एक विचारू? शिबिर कुठलं पण असू दे, जेवायला पिठलंच का असतंय?

कार्यक्रम_अधिकारी_निवृत्त
कारण ऐनवेळी वीस माणसं वाढली तरी पाणी घालता येतं.

शेवंता
पाणी नाही, ताक घाला. आणि शंभर माणसांचं असेल तर बेसन आधी थंड पाण्यात कालवून मग उकळीत सोडा, नाहीतर गुठळ्या होतात. माझ्या लेकीच्या शिबिरात गुठळ्यांनाच भजी म्हणून वाढलं होतं.

वरोऱ्याची_मी
ताक कुठून आणायचं मे महिन्यात शंभर माणसांना? आमच्याकडे चिंच.

शेवंता
पिठल्यात चिंच?? रेसिपी टाक बाई, वेगळा धागा काढ.