दूध पावडर: निर्यातीला काय लागतं, आयात का होत नाही?

प्रश्न: गाईच्या १०० लिटर दुधाची स्किम्ड (फॅट काढलेल्या दुधाची) पावडर किती बनते? निर्यातीला काय लागतं? आणि बाहेरून पावडर आयात का होत नाही?

प्रतिसाद १: ८.५ टक्के एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) धरला तर साडेआठ-नऊ किलो, शिवाय चार किलोच्या आसपास लोणी. म्हणजे पावडरचा भाव एकटा बघू नका, लोण्याचाही हिशेब मांडा. निर्यातीला निर्यात तपासणी परिषदेची प्लँट-मंजुरी आणि आरोग्य प्रमाणपत्र हवं. ओलावा ५ टक्क्यांच्या आत ठेवा. २५ किलोच्या बॅगेचं आतलं लायनर (अस्तर) नीट सील नसेल, तर कंटेनरमध्ये पावडरच्या गुठळ्या होतात.

प्रतिसाद २: पावडरच्या आयातीवर ६० टक्के शुल्क आहे. शिवाय जनावरांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अवयव वा रक्त असलेलं खाद्य दिलेलं नाही, असा दाखला भारत मागतो. खरा अडसर तोच!

प्रश्नकर्ता: लोण्याचा हिशेब माझ्याकडून राहूनच गेला होता.